बारा नंबरच्या खोलीची जोडणी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एक खोली डोळ्यांसमोर आणा. दोन पलंग, मध्ये एक टेबल, भिंतीवर किंचित वाकडं टांगलेलं बोटीचं चित्र आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या टायर दुकानाची पाटी. त्या खोलीत चार माणसं शिरतात. त्यांच्यामागून त्यांच्या पिशव्यांतून पाच यंत्रं शिरतात: आईचा लॅपटॉप, आईचा फोन, बाबांचा फोन, आजोबांचा टॅब आणि एक छोटा, कोपरा तडकलेला टॅब. आता समजा, ही पाचही यंत्रं तहानलेली आहेत आणि खोलीत नळ आहे एकच. तोही बारीक धारेचा. पहिलं पाणी कुणाला द्याल?

उत्तराची घाई नको. आधी मुंगीने काय केलं ते ऐका, कारण कोपरा तडकलेला टॅब तिचा होता.

मुंगी नऊ वर्षांची. तिला रिकाम्या हाताने चालताच यायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत जाताना ती काही ना काही उचलून नेणारच. मग ती वस्तू पुढे दोन दिवस कुणाला सापडायची नाही, म्हणून घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. त्या दिवशी हॉटेलचा जिना चढताना तिने उचललं होतं आईचं कापडी गुंडाळं. त्यात आईची हत्यारं होती.

आई दात बनवायची. म्हणजे कवळ्या. एका प्रयोगशाळेत बारा वर्षं ती मेणाचे दात कोरत होती आणि तिने बनवलेल्या दातांनी कितीतरी अनोळखी माणसं जेवत होती, हसत होती. पण तिला शिकवायचं होतं. जिथे ती स्वतः शिकली होती त्या शाळेत, बारा वर्षांनी, एक जागा निघाली होती. आजच चार वाजता मुलाखत होती, व्हिडिओवर. तीन परीक्षक समोर बसणार, प्रश्न विचारणार आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत आईने मेणाच्या ठोकळ्यातून एक दाढ कोरून दाखवायची.

खरं तर चार वाजता आई घरी, स्वतःच्या टेबलाशी असायला हवी होती. काकांच्या नव्या घराहून ते सगळे परत निघाले होते; तिथेही सराव करता यावा म्हणून आईने हत्यारं आणि मेण बरोबर घेतलं होतं. पण पुढचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि बसवाल्यांनी सगळ्या प्रवाशांना या हॉटेलात उतरवलं. बस उद्या सकाळी. हॉटेल डोंगराच्या बगलेत असं बसलं होतं की एकाही फोनला रेंज नव्हती.

"मुलाखत बुडाली," पलंगावर बसत आई म्हणाली.

"बुडाली कशी?" बाबा म्हणाले. "हॉटेलचं वायफाय आहे की. हा बघ कागद."

काउंटरवरच्या बाईंनी किल्लीबरोबर एक चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर आठ अक्षरांचा कोड होता आणि खाली ठळक छापलं होतं: एका खोलीला एकच यंत्र.

"मला दोन लागणार आहेत," आई म्हणाली. "लॅपटॉपवर माझं तोंड दिसायला हवं आणि फोन वरून टांगून त्याच्यावर हात. कोरताना हात दिसले पाहिजेत, असं त्यांनी लिहिलंय."

"तोंड एकीकडे आणि हात एकीकडे," बाबा म्हणाले. "आमच्या साहेबांचं रोज असंच असतं."

आईला हसू आलं नाही. मग बाबांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

बाबांचं हे एक होतं. ते बरण्यांच्या कारखान्यात झाकणं तपासायचे. दिवसभरात काही हजार झाकणं त्यांच्या हाताखालून जायची. त्यामुळे उघडं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप तिकडे वळायचा. साखरेचा डबा, पेनाचं टोपण, दुसऱ्याची छत्री, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा त्यांनी पाहुण्यांच्या हातातली बाटली, ते पाणी पीत असताना, दोन घोटांच्या मध्ये बंद केली होती.

आजोबा खिडकीशी चष्मा पुसत होते. हे आईचे वडील. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं होतं. त्यामुळे 'लाइन' हा शब्द कुणी काढला की ते ताठ बसायचे.

"मुंगे, इकडे ये," ते म्हणाले. "बाहेरून घरात लाइन किती येतात?"

"एक."

"आणि घरात फोन किती ठेवता येतात?"

मुंगीने विचार केला. "एका लाइनवर? दोन-तीन?"

"ठेवायचोच आम्ही. एक बैठकीत, एक माडीवर. लाइन तीच, आत आल्यावर तिला फांद्या फोडायच्या. आता हॉटेल म्हणतंय, आम्ही एकाच यंत्राला ओळखतो. ठीक आहे, एकालाच ओळखा. तो आपला लॅपटॉप. कोड त्याला द्यायचा. हॉटेलची लाइन तो घेईल आणि स्वतःची एक छोटी लहर खोलीत सोडेल. ती लहर फोनने पकडायची. हॉटेलला दिसेल एकटा लॅपटॉप आणि त्याच्या पाठीशी उभा राहील फोन."

"आप्पा, पण ही लबाडी झाली ना?" आईने विचारलं.

"विचारलं नाही तर लबाडी. विचारलं तर जोडणी."

म्हणून आई आणि मुंगी खाली गेल्या. काउंटरवरच्या बाई स्वेटर विणत होत्या. त्यांचा चष्मा गळ्यात दोरीने लटकत होता आणि तो लटकत असतानाही त्यांना सगळं दिसत होतं. आईने सगळं सांगितलं, मुलाखतीसकट. बाईंनी सुया थांबवल्या.

"हे बघा ताई, कोड एकाच यंत्रावर चालेल, तो मला वाढवता येत नाही. मालकांनी तसंच करून ठेवलंय. पण तुमच्या यंत्रातून तुम्ही तुमच्या खोलीत कुणाला वाटून दिलंत तर माझी काही ना नाही. फक्त एक सांगते. तुमच्या वाट्याला येणार आहे एवढंच." त्यांनी लोकरीचा धागा दोन बोटांत धरून दाखवला. "त्याला पाच जणांनी ओढलं तर धागा लांबत नाही."

"दातांचं काम का हो तुमचं?" आई वळल्यावर त्यांनी मागून विचारलं. "माझी ही वरची कवळी बोलताना टकटकते."

"उद्या निघण्याआधी बघून देते," आई म्हणाली आणि दुपारपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

वर आजोबांनी लॅपटॉपला कोड दिला आणि तो लगेच बाहेरच्या जगाशी बोलायला लागला. मग लहर सोडायची वेळ आली तेव्हा आजोबा म्हणाले, "हिला नाव द्यावं लागतं. मुंगीबाई, सांगा."

"वारूळ," मुंगी म्हणाली.

सगळ्यांच्या पडद्यांवर 'वारूळ' उमटलं आणि मग काय विचारता! आईचा फोन जोडून झाल्यावर बाबा म्हणाले, "माझाही जोड गं, दादाला इथे अडकल्याचं कळवतो." आजोबांना शब्दकोडं बघायचं होतं. मुंगीने आपला टॅब जोडला. तिला कासवाचा सिनेमा हवा होता. उद्या बसमध्ये सहा तास बसायचं होतं. बसमध्ये कसलं वायफाय! आत्ताच उतरवून घेतला तर उद्या बघता येईल. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्याच चालीने पुढे सरकायला लागली.

तोवर आजोबांनी कपड्यांचं हँगर वाकवून, खुर्चीच्या पाठीला आईच्या केसांच्या रबरांनी बांधून, एक झकास मांडव केला होता. त्यात फोन आडवा बसला, कॅमेरा खाली. आईने कापडी गुंडाळं उलगडलं, कोरण्या ओळीने लावल्या, मेणाचा पिवळसर ठोकळा मध्ये ठेवला. रंगीत तालीम सुरू झाली. परीक्षक म्हणून बाबांना दाराशी उभं केलं.

"तुमचा अनुभव किती?" बाबांनी खर्ज लावला.

"बारा वर्षं," आई म्हणाली, "आणि तुम्हाला सहन करण्याची चौदा."

"उमेदवार उद्धट आहे," बाबा म्हणाले. बोलत बोलत ते टेबलाजवळ आले आणि त्यांच्या हाताने लॅपटॉपचं उघडं झाकण अलगद खाली केलं.

टप्प. वारूळ गडप. आईचा फोन, आजोबांचं शब्दकोडं, मुंगीची हिरवी पट्टी, सगळं जागच्या जागी थांबलं.

"जावईबापू!" आजोबा ओरडले.

"अहो!" आई ओरडली.

बाबा आपल्या हाताकडे असे बघत होते की तो दुसऱ्याचाच असावा. "मी नाही केलं," ते म्हणाले. "तो गेला."

सगळं पुन्हा जोडलं. चार वाजता बाबांनी बाहेर, व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बसायचं आणि हातात चहाचा कप ठेवायचा, बिनझाकणाचा, असं एकमताने ठरलं.

पण दुसऱ्या तालमीतही आईचे हात नीट दिसेनात. कोरणी मेणावर टेकलेली दिसायची, मग एकदम चार इंच पलीकडे. मधला प्रवास गायब.

"धागा पाच जण ओढतायत," आजोबा म्हणाले. "मुंगे, आता तू आमची ऑपरेटर. एक्स्चेंजमध्ये मोठा कॉल आला की बाकीच्या वायरी ऑपरेटर काढून ठेवायची. चार वाजता लॅपटॉप आणि आईचा फोन सोडून एकही वायर लागलेली नको. तुझ्यावर सोपवलं."

मुंगीची मान ताठ झाली. तिने बाबांचा फोन मागून घेतला, बंद केला, पिशवीत टाकला. आजोबांचा टॅब बंद करताना आजोबा म्हणाले, "आडवे सात तेवढं बघू दे," पण तिने बघू दिलं नाही. मग ती आपल्या टॅबपाशी आली. हिरवी पट्टी साठावर होती. शंभर झाली की झालं. आता थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून, असं मघाशी झाकणाच्या वेळी एकदा झालंच होतं. आईच्या मुलाखतीला अजून दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत होईल की पूर्ण. आणि एवढासा टॅब असा किती ओढणार?

तिने बाजूचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. आतलं काम चालूच राहिलं, हे तिला ठाऊक होतं.

"सगळं काढलं?" आजोबांनी विचारलं.

"हो," मुंगी म्हणाली. मग तिने टॅब पिशवीत खाली, स्वेटरखाली ठेवला.

चार वाजता दार बंद झालं. बाहेर बाकावर बाबा चहाचा कप धरून, आजोबा हात बांधून आणि मुंगी मांडीवर पिशवी घेऊन बसले. दारातून आईचा आवाज येत होता. सुरुवातीला तो जरा उंच होता, मग खाली आला, नेहमीचा झाला. कुणीतरी काही विचारलं, आई हसली. बाबांनी आजोबांकडे पाहून भुवया उंचावल्या.

"आता दाढ," आजोबा कुजबुजले.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मुंगीने पिशवीत हात घालून, स्वेटर बाजूला सारून हळूच पाहिलं. त्र्याऐंशी.

आणि आतून आवाज आला, "दिसतंय का? हात दिसतायत का माझे?"

मग जरा मोठ्याने, "हॅलो? ऐकू येतंय का?"

आजोबा उभे राहिले. त्यांनी एकदम बाबांकडे पाहिलं. बाबांनी चहाच्या कपासकट दोन्ही हात वर केले. "मी इथे आहे! सगळ्यांदेखत इथे आहे!"

मुंगीने पिशवीतल्या पिशवीत, न बघता, बोटाने चाचपत बटण शोधलं. सापडलं नाही. टॅब बाहेर काढून थांबवावा तर बाबा आणि आजोबा बघणार. ती उठली, "शू लागली" म्हणाली, पिशवी पोटाशी धरून व्हरांड्याच्या वळणापलीकडे पळाली आणि तिथे टॅब बाहेर काढून बंद केला. पूर्ण बंद. अठ्ठ्याऐंशीवर.

परत आली तेव्हा आतून आईचा आवाज शांतपणे येत होता, "हो, आता दिसतंय? बरं. धन्यवाद." पण मधली सहा-सात मिनिटं निघून गेली होती.

साडेचारला आई बाहेर आली. तिच्या तळहातावर एक दाढ होती, मेणाची, चार उंचवटे, मध्ये खाचा, इतकी खरी की चावेल असं वाटावं.

"छान झालीये," बाबा म्हणाले.

"झालीये. पण त्यांनी ती होताना पाहिली नाही," आई म्हणाली. "कोपरे घेतले ते दिसलं, मग चित्र थांबलं आणि सुरू झालं तेव्हा दाढ तयार. वरचा सगळा आकार मी कसा काढला ते त्यांना कळलंच नाही. मुख्य बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, हॉटेलची लाइन बिघडली असेल तर हॉटेलकडून तसं लिहून पाठवा, साडेपाचला पुन्हा पंधरा मिनिटं देऊ. पण अडचण उमेदवाराच्या बाजूची असेल तर जेवढं दिसलं तेवढ्यावरच गुण. नियमच आहे."

"मग थांबलीस कशाला? चल," बाबा म्हणाले आणि ते तिघंही जिना उतरले. मुंगी मागून उतरली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकलं आणि त्या खजील झाल्या.

"अगंबाई. आणि मी मघाशी एवढ्या ऐटीत धागा दाखवला. दुसऱ्या कुठल्या खोलीतून तक्रार आली नाही हो. पण असेलच आमची लाइन तशी. देते लिहून." त्यांनी हॉटेलचं नाव छापलेला कागद काढला, चष्मा डोळ्यांवर चढवला. "मालक विचारतील मला, काय बिघडलं म्हणून. विचारू देत. तुमचं काम होऊ दे."

पेनाचं टोपण निघालं. बाबांचा हात त्याकडे वळला आणि आजोबांनी तो मधेच धरला.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. तारीख. खोली क्रमांक बारा. मुंगी काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवून बघत होती. अजून फक्त दोन ओळी. त्या लिहून झाल्या की आईला पंधरा मिनिटं मिळणार होती आणि टॅबबद्दल कधीच कुणाला कळणार नव्हतं. 'आमच्या हॉटेलची,' बाईंनी लिहिलं. त्यांची अक्षरं गोल गोल होती.

"तसं नका लिहू," मुंगी म्हणाली.

पेन थांबलं.

"लाइन चांगली होती. माझा टॅब चालू होता. कासवाचा सिनेमा येत होता. मी फक्त पडदा बंद केला होता."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले.

"किती वेळ चालू होता?" आईने विचारलं.

"पहिल्यापासून. मग तू हॅलो हॅलो म्हणालीस तेव्हा बंद केला." मुंगीने हनुवटी काउंटरवरून उचलली. "मला वाटलं, दहा मिनिटांत होईल."

आई काउंटरसमोरच्या बाकावर बसली. तळहातावरची दाढ तिने दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली. मग तिने काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, "राहू दे तो कागद. तुमच्यावर कशाला?"

"अहो, मी देते ना लिहून," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांना कुठे कळणार आहे?"

"नको."

"पण मग मुलाखत?" बाबांनी विचारलं.

"जेवढं दिसलं तेवढं दिसलं," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मुंगीला बरं वाटलं असतं.

बाकाशेजारचं स्टूल मुंगीने ओढत काउंटरपाशी आणलं, त्यावर चढली आणि बाईंना म्हणाली, "मला एक कोरा कागद द्याल? हॉटेलचं नाव नसलेला."

बाईंनी दिला. पेनही दिलं. मुंगीने कोपर टेकवलं आणि लिहिलं:

'मुख्य बाईंना. हॉटेलची लाइन चांगली होती. आईने सगळं बरोबर जोडलं होतं. बाकीच्या वायरी काढायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांच्या काढल्या आणि माझी ठेवली. आईला हे माहीत नव्हतं. म्हणून चित्र थांबलं. मी आईची मुलगी आहे, वय नऊ.'

तिने एकदा वाचून पाहिलं. मग खाली आणखी एक ओळ घातली: 'दाढ आईने खरंच कोरली आहे, हवं तर पुन्हा विचारा.'

कागद घेऊन ती स्टुलावरून उतरली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. आईने वाचलं. एकदा, मग पुन्हा.

"पाठवू?" मुंगीने विचारलं.

आईने आपला फोन तिच्यापुढे धरला. मुंगीने कागद काउंटरवर उजेडात सरळ ठेवला, फोटो काढला, अक्षरं नीट वाचता येतात ना ते बघितलं आणि फोन घेऊन जिन्याकडे निघाली, कारण वारूळ वर होतं आणि तिथूनच ते पाठवता येणार होतं. अर्ध्या जिन्यावर ती थांबली. तिने वळून आजोबांना हाक मारली, "आजोबा, तुमचा आणि बाबांचा बंदच आहे ना? वर येऊन बघा."